पावसात घर दाखवणारे आपा

आंबोलीत बंगला विकत घ्यायला आलेल्या माणसाला आपा पेडणेकर आधी बूट दाखवायचे आणि मग बंगला.

बूट म्हणजे त्यांच्या पायातले नव्हेत. त्यांच्या पायात बारा महिने वहाणाच. सावंतवाडीच्या बाजारातून जुने, कोणी टाकून दिलेले चामड्याचे बूट ते गोळा करून आणायचे, आणि ज्या ज्या बंद बंगल्याची किल्ली त्यांच्याकडे असेल त्याच्या आतल्या खोलीतल्या कपाटात मृगाच्या आधी एकेक बूट ठेवून द्यायचे. आषाढात गिऱ्हाईक आलं की छत्री मिटायची, कपाट उघडायचं आणि तो बूट दोन बोटांत उचलून गिऱ्हाइकाच्या नाकापुढे धरायचा. बुटावर नुसती पांढरट साय असेल तर घर उत्तम. हिरवी लव आली असेल तर चालेल असं. आणि हा बूट आहे की मांजराचं पिल्लू असा प्रश्न पडला, तर आपा स्वतःच म्हणायचे, "ह्यां घर घेव नकात. दुसरां दाखयतंय."

आता तुम्ही विचाराल, आषाढात आंबोलीला जातं कोण? बरोबर आहे. आमच्या ह्यांची टपालखात्यात तिथे बदली झाली तेव्हा मीही डोळ्यांत पाणी आणून हेच विचारलं होतं. कुडाळची मी, पाऊस काय मला नवा नव्हता. पण तिथला पाऊस म्हणजे चार महिने सूर्य रजेवर. घरोघर शेगडीवर टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर कपडे वाळत टाकायचे. लुगड्याला धुराचा वास, उशीला धुराचा वास, नवऱ्यालासुद्धा धुराचाच वास. मात्र एप्रिल-मेमध्ये खाली वेंगुर्ला-मालवणात माणसं घामाने निथळत असताना वर आंबोलीत रात्री पांघरूण लागायचं. म्हणून तर संस्थानच्या काळापासून तिथे पैसेवाल्यांचे बंगले झाले. वेंगुर्ल्याचे काजूवाले, बेळगावचे कंत्राटदार, गोव्याचे व्यापारी. उन्हाळाभर वर राहायचं, पहिला पाऊस पडला की कुलूप घालून खाली उतरायचं. बाकीचे दलाल साहजिकच मे महिन्यात बंगले दाखवायचे. आपा तेवढे पावसात.

"अहो आपा, मे महिन्यात का नाही दाखवत?" मी एकदा विचारलं. आमच्या आणि त्यांच्या बिऱ्हाडात एक भिंत होती आणि ओटा एकच होता, त्यामुळे असल्या चौकश्या करायचा मला हक्कच होता.

"बाये, मे म्हयन्यात सगळीच घरां बघूक बसवलेल्या चेडवांसारखी दिसतत," आपा म्हणाले. "पावडर लावन, मान खाली घालून. घराचो सभाव पावसात कळता."

बुटके, गोल, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि हातात सदा छत्री. कोट एकच होता. तो धुतला की त्या दिवशी आपा घरात. बोलायचे मात्र असे, की सगळी आंबोली त्यांनीच बांधली आणि आता नाइलाजाने एकेक बंगला लोकांना देऊन टाकताहेत. भिंतीला काठीने ठोकून बघणारं गिऱ्हाईक त्यांना मुळीच खपायचं नाही. "तुमचे दात कोणी असे ठोकून बघितले तर चालतला काय?" असं त्यांनी बेळगावच्या एका बड्या कंत्राटदाराला तोंडावर विचारलं होतं, आणि तो बिचारा काठी मागे लपवून उभा राहिला.

वेंगुर्ल्याच्या काजूवाल्याची गंमत तर मी डोळ्यांनी पाहिली. भर पावसात मोटार आली, मोटारीत नवराबायको आणि मुलं. धुकं इतकं की बंगल्याच्या पायरीवर उभं राहून फाटक दिसत नव्हतं. काजूवाल्याची बायको वैतागून म्हणाली, "अगोबाई, इथून तर काहीच दिसत नाही!" आपांनी पान चघळत शांतपणे सांगितलं, "काय दिसणा नाय, तोच देखावो. मे म्हयन्यात दरी दिसता, ती फुकट. धुक्यासकट पसंत आसात तर घ्या." मग बूट दाखवला, गळकं कौल दाखवलं, मोरीत जळवा दाखवल्या. ती मुलं किंचाळत मोटारीत जाऊन बसली. आणि त्या माणसाने बंगला घेतला! जाताना आमच्या ह्यांना म्हणाला, "ज्याने एवढं वाईट दाखवलं, तो आणखी काय लपवणार?" त्या चांगल्या दिवसांत प्रत्येकाला असंच वाटायचं, आणि आपांचे बंगले विकले जायचे. हा प्रामाणिकपणा होता की धंद्याची युक्ती? माझं मत विचाराल तर दोन्ही, आणि त्यांचं त्यांनाही ते वेगळं काढता आलं नसतं.

त्यांची बायको काशीकाकी. उंच, शिडशिडीत, मालवणची. बाजारात सुके बांगडे आले की डोळे मिटून वास घ्यायची आणि म्हणायची, "घरची याद येता गो." हसायला लागली की थांबायची नाही, आणि हसता हसता खोकल्याची उबळ यायची, कारण तिला दमा होता. पावसाळ्यात भिंतीपलीकडून तिचा श्वास ऐकू यायचा. सुतार लाकूड तासतो तसा. त्या चार महिन्यांत ती कधी आडवी होऊन झोपली नाही. उशांना टेकून, बसल्या बसल्याच काय डोळा लागेल तेवढा.

मग पोर्तुगिजांशी बिनसलं आणि गोव्याची हद्द बंद झाली. तिकडचे मालक तिकडे अडकले आणि त्यांच्या बंगल्यांच्या किल्ल्या आपांच्या कोटाच्या खिशात. वर्षं गेली. फाटकं गंजली, रंग उडाले, विकायचे म्हटले तर सही करायला मालक नाही. आपा तरी छत्री घेऊन रोज एकेक बंगला उघडून वारं घालून यायचे. गोवा सुटला त्या दिवशी त्यांनी सगळ्या आळीला पेढे वाटले. "बघा आता!" म्हणाले. "मे म्हयन्यात गोंयकार मोटारी भरून येतले. बंगले अपुरे पडतले."

त्या मे महिन्यात एकच मोटार आली. मडगावच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा बापाचा निळा बंगला विकून टाकायला आला होता. त्या एकाच बंगल्याची किल्ली आपांकडे कधी नव्हती. घाई होती त्याला. त्याने सांगितलेला भाव ऐकून आपांचे डोळे लकाकले आणि जन्मात कधी केलं नाही ते त्यांनी केलं. बंगला दुसऱ्याला दाखवण्याऐवजी स्वतःच घेतला. वर्षभर ठेवायचा, गोंयकारांची रीघ लागली की दुपटीने विकायचा, असा बेत.

काकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पावसात बघून मगे घेवया की."

"पावसापर्यंत कोण थांबतलो? दुसरो कोण तरी घेतलो."

हेच वाक्य त्यांची गिऱ्हाइकं त्यांना ऐकवायची आणि ते त्यांना हसायचे. काकीने माझ्याकडे बघितलं, मी सुपाकडे बघितलं. आयुष्याची सगळी पुंजी, तिच्या पाटल्यांसकट, त्या बंगल्यात गेली.

आषाढात एके सकाळी निळ्या बंगल्यातून काकीची हाक आली म्हणून मी धावले. जेवणघरात आपा धोतर खोचून घोटाभर पाण्यात उभे होते, आणि सवयीने छत्री उघडीच होती, घरात. वरून एक थेंब गळत नव्हता. पाणी खालून येत होतं. दोन फरश्यांच्या फटीतून उमाळा फुटला होता, स्वच्छ, गार, बुडबुड करत. काकी दारात बसून हसत होती. हसली, खोकली, पुन्हा हसली. "आता विहीर खणूक नको!" म्हणाली.

गुरं राखणारा एक म्हातारा गंमत बघायला आला होता. तो म्हणाला, "हंय पयल्यापासूनच पाणी फुटता. घर बांदूच्या आदीपासून."

"मगे माका सांगलंस नाय तो?" आपा ओरडले.

"तुमका म्हायत नाय असां कसां आसात?" म्हातारा खरोखरच चकित झाला होता. सगळं गाव हेच धरून चाललं होतं. आपांना घरांतलं काय सांगायचं?

त्यांनी जेवणघराच्या मधून पाट खणून घेतला आणि मागच्या दाराने पाणी बाहेर काढलं. पुढच्या वर्षी गोंयकार येणार होते, ते काही आले नाहीत. त्यांना आता घरच्या घरी पुष्कळ नवे उद्योग सापडले होते. बेळगावचे लोक मोटारी घेऊन महाबळेश्वरला जाऊ लागले. जुन्या मालकांची मुलं म्हणायची, त्या जळवांच्या गावात कोण राहील? एका फाटकावर 'विकणे आहे' अशी पाटी लागली, मग शेजारच्या, मग सबंध रस्ताभर. भाव उतरला तरी निदान भाव आहे असं म्हणता येतं. इथे भाव विचारायलासुद्धा कोणी येईना. आपा बूट ठेवायचे, बूट काढायचे. पावसात आलेलं एखाददुसरं गिऱ्हाईक बूट बघून सरळ पुढची एसटी पकडायचं. तेच बूट, तेच आपा, पण आता लोकांना दहा घरांतून निवडायला मिळत होतं आणि निवडायचंही नव्हतं.

इकडे काकीचा श्वास दर पावसाळ्यात आखडत चालला. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी आपांना बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांना खाली समुद्रावर न्या. आणखी एखादा पावसाळा इथे काढलात तर मग माझ्याकडे आणू नका." मालवणला काकीच्या भावाच्या शेजारी दोन खोल्यांचं घर विकायला होतं, मागे माडांची वाडी. निळा बंगला विकला तर ते घेता येत होतं. नाही विकला तर नाही. इतकं ते साधं होतं, आणि सगळ्या आळीला ठाऊक होतं.

बेळगावचा एक तरुण दलाल स्कूटरवरून यायचा. चांगला होता तसा पोरगा. तो म्हणाला, "आपा, मेमध्ये दाखवा. पाट बुजवून टाका, फरशी धुवा. कोणी विचारलं तरच सांगायचं. तुम्ही खोटं थोडंच बोलताय?"

आपा छत्री उचलून चालते झाले. पण त्या उन्हाळ्यात पाट बुजला. फरशी बसली. आणि मे महिन्याच्या एका सकाळी मी पाहिलं, आपा स्वतः गुडघ्यांवर बसून जेवणघरात जाजम अंथरत होते. सुरकुत्या हाताने सारख्या करत होते. मला राग आला नाही. ज्यांनी भिंतीपलीकडचा तो श्वास ऐकलाय त्यांनाच यातलं कळेल. मला विचारलं असतं तर मी एक जाजम घरचंही आणून दिलं असतं.

गिऱ्हाईक आलं ते मुंबईचं. दिघे म्हणून होते, कुठल्याशा कंपनीतून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. बरोबर बायको. बंगला फिरून झाला, दरी बघून झाली, दोघांचेही चेहरे खुलले. मी आणि काकी चहा घेऊन गेलो तेव्हा सगळे जेवणघरात त्या जाजमावरच उभे होते.

"आम्हाला पसंत आहे," दिघे म्हणाले. "विसार आजच देतो. आता इथे कायमचंच राहायचं. हिला मुंबईची हवा सोसत नाही हो."

आणि त्याच वेळी दिघेबाईंना खोकला आला. तो साधा खोकला नव्हता. काकीच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला.

"बाये," काकीने विचारलं, "रात्री निजतास, काय बसान ऱ्हवतास?"

दिघेबाई ओशाळून हसल्या. "बसूनच हो. उशांना टेकून. तुम्हाला कसं कळलं?"

काकीने ट्रे खिडकीत ठेवला. खाली वाकली, तेवढ्यानेही तिला धाप लागली, आणि जाजमाचं टोक धरून बाजूला ओढलं.

"हंय पाणी फुटता," ती म्हणाली. "जमिनीतून. अख्खो पावसाळो. हंय ऱ्हवलंस तर मरशीत गो. मी मरतंय तशी."

 दिघ्यांनी आपांकडे बघितलं. मी पण बघितलं. अजूनही सावरून घेता आलं असतं. बायकांचं काय ऐकता, वहम आहे तिचा, असं म्हटलं की झालं. आपांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"व्हय," ते म्हणाले. "फुटता. हंयसून सुरू होता आणि थंयसून भायर जाता." आणि छत्रीच्या टोकाने त्यांनी बुजवलेल्या पाटाची सगळी वाट दाखवली.

दिघे दुपारच्या एसटीने गेले. जाण्याआधी दिघेबाईंनी काकीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मला वाटलं होतं, आज पलीकडे भांडण होणार. संध्याकाळी आपा ओट्यावर बसले होते. काकी येऊन शेजारी बसली. आपा म्हणाले, "गो, आता तुजां कसां व्हतलां?" आणि एकदम ढसाढसा रडायला लागले. एवढा ऐटबाज माणूस. काकी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी आत निघून आले आणि उगाच भांडी घासत बसले, घासलेलीच.

तो पावसाळा काकीने कसा काढला हे मी लिहीत नाही. काढला एवढंच.

दिवाळीनंतर फोंडाघाटचा एक व्यापारी आला. बाजारात त्याच्या दुकानावर माडी चढत होती, त्याला सागवानी वासे हवे होते. बंगला नको होता. नुसते वासे, आणि दारं निघतील तर दारं. आपा त्याच्या अंगावरच धावले. "उभां घर मोडू? माका काय येड लागलां?" आमच्याकडे उभं घर मोडणं म्हणजे माणूस मारण्यासारखंच. आणि ज्याने जन्मभर घरांची लग्नं जुळवली, त्याने तर कधीच नाही.

काकी म्हणाली, "घर ऱ्हवात. मी ऱ्हवूचंय नाय." शांतपणे म्हणाली, भाकरी थापता थापता.

आपा तसेच उठले आणि त्या व्यापाऱ्याला गाठायला एसटीच्या थांब्यावर गेले. अख्ख्या बंगल्याला गिऱ्हाईक नव्हतं, पण तुकड्यांना निघालं. वासे फोंडाघाटला, कौलं कुणाच्या शाळेला, चिरे रस्त्याच्या कंत्राटदाराला, दारंखिडक्या कुडाळला.

पहिलं कौल उतरवायच्या सकाळी आपांनी अंगणात नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. मजूर, आम्ही, आळीतले सगळे मागे उभे होतो. एक वाक्य झालं की सगळ्यांनी होकार भरायचा, अशी ती रीत.

"बा जागेवाल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पाणी तुजां, जागो तुजो. मदी मी येवन बसलंय. चूक माजी."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यां घर मी आज मोडतंय. ह्येचां लाकूड, ह्येचां कौल जंय जायत, थंय सुखान नांदांदे."

"व्हय म्हाराजा!"

"आणि हिचो..." आपा म्हणाले, आणि पुढे त्यांना बोलता येईना.  आम्ही वाट बघत राहिलो. काकी पदर तोंडाशी धरून उभी होती. शेवटी मजुरांतला एक जाणता माणूस अर्ध्या वाक्यालाच मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा!" आणि आम्ही सगळे त्याच्यामागून म्हणालो.

ती दोघं मालवणला गेली. पुढच्या श्रावणात आमच्या ह्यांच्या मावशीकडे मालवणला जायचा योग आला, तेव्हा वाट वाकडी करून आम्ही त्यांच्याकडे गेलो. पाऊस नुकताच थांबला होता. माडांतून पाणी ठिबकत होतं. आम्ही फाटक उघडलं तर ते असं करकरलं, की पडवीत बसलेले आपा ताडकन उठून दोन्ही हातांनी आम्हाला गप्प करायला लागले. कोट नव्हता, टोपी नव्हती, उघडेच होते.

"निजली हा," ते कुजबुजले.

मी दारातून डोकावले. काकी चटईवर झोपली होती. आडवी, कुशीवर, एक हात गालाखाली, अंबाडा सुटलेला. उशी एकच होती, तीही डोक्याखालून सरकलेली. इतकी वर्षं शेजार केला, पण ही बाई निजलेली कशी दिसते ते मला ठाऊकच नव्हतं.

आपांनी आम्हाला पाणी दिलं, तेही भांडं न वाजवता. इथे कसं काय चाललंय म्हणून ह्यांनी विचारलं, तर हळूच म्हणाले, "हंय माका कोण वळखणा नाय. काशीचो घोव म्हणतत." मग आंबोलीच्या बंगल्यांचं काय झालं ते ह्यांनी सांगायला घेतलं. कोणाची पाटी निघाली, कोणाची नवी लागली. आपांचं लक्ष नव्हतं. मधेच हात वर करून ते ह्यांना थांबवायचे, आतल्या बाजूला कान द्यायचे आणि मग मान हलवायचे, बोला म्हणून.

आम्ही निघालो. मी फाटकाकडे वळले तशी आपांनी धावत येऊन माझा हात धरला.

"बाये, थंयसून नको. करकरता. गडग्यावरून जावा."

कुंपणाचा तो गडगा कमरेएवढा होता आणि चिरे पावसाने निसरडे झाले होते. आमचे हे, सरकारी पोस्टमास्तर, वहाणा हातात घेऊन, शेवाळावर पाय रोवत पलीकडे उतरले आणि मला हात दिला. मी रस्त्यावरून वळून बघितलं. आम्ही गेलो की नाही हेही आपांनी पाहिलं नव्हतं. ते परत दाराशी जाऊन बसले होते, कान आतल्या बाजूला लावून.